ताब्याची तारीख : एका वचनाचा कायदेशीर इतिहास



आजचा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "सर, हा विषय वकिलांचा नाही का?" प्रश्न रास्त होता. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, कोर्टात कधी उभा राहिलो नाही. पण फ्लॅटचा ताबा वेळेवर न मिळणं हा मुळात वचनभंगाचा विषय आहे, आणि वचन म्हणजे काय, ते का पाळायचं, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. म्हणून कलमांकडे मी आज त्या वाटेनं जाणार आहे.

अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ह्यूम नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. वचनाबद्दल बोलताना त्यानं दोन शेतकऱ्यांचं उदाहरण दिलंय. एकाचं पीक आज कापणीला आलंय, शेजाऱ्याचं उद्या येणार आहे. आज मी तुझ्याकडे राबलो आणि उद्या तू माझ्याकडे राबलास, तर दोघांचंही भलं. आपल्या खेड्यांत याला सावड म्हणतात. पण जो आज राबणार त्याच्या मनात शंका येते, की याचं काम एकदा झालं की उद्या हा येईल कशावरून? विश्वास नसेल तर दोघंही घरी बसतात आणि दोघांचंही पीक वाया जातं. ह्यूम म्हणतो, ही अडचण सोडवण्यासाठी माणसांनी वचन नावाची रीत निर्माण केली.

आता बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेणारा माणूस बघा. हा आज राबणारा शेतकरी आहे. हप्ते आधी भरायचे, घर नंतर मिळणार. उद्या शेजारी आलाच नाही तर? किंवा चार वर्षांनी आला तर? तोवर थांबण्याची जी किंमत आहे, म्हणजे घरभाडं, कर्जाचं व्याज, पोरांच्या शाळा, म्हाताऱ्यांची वर्षं, ती कुणी सोसायची? आपल्या कायद्यानं या एका प्रश्नाला दीडशे वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली. तो इतिहास मी आज सांगणार आहे.

भाड्याच्या खोलीपासून ओनरशिप फ्लॅटपर्यंत

सुरुवात १८७२च्या भारतीय करार कायद्यापासून करू. त्याचं कलम ५५ वेळेबद्दल आहे. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि काम वेळेत झालं नाही, तर समोरच्याला करार मोडता येतो. वेळ हा गाभा नसेल, तर करार मोडता येत नाही, फक्त झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. गोम पुढे आहे. जमीनजुमल्याच्या व्यवहारात वेळ हा सहसा गाभा नसतो, असं गृहीतक न्यायालयांनी धरलं होतं. जुन्या काळात त्याला अर्थ होता. जमीन कुठे पळून जात नाही, खरेदीखत दोन महिने उशिरा झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण जे घर अजून हवेतच आहे, त्याला हा न्याय कसा लावायचा?

त्या वेळी हा प्रश्न कुणापुढे नव्हता, कारण शहरातला सामान्य माणूस घर विकतच घेत नव्हता. तो चाळीत भाड्यानं राहायचा. ज्यांना स्वतःचं घर हवं होतं त्यांनी सहकाराची वाट धरली. मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली उभी राहिली. अशा संस्थेत बांधवून घेणारे आणि राहणारे एकच असतात. उशीर झाला तर सभेत भांडायचं, पण भांडण घरातलंच.

मग १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, ते प्रमाण मानलं गेलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण भाड्यासाठी नवी इमारत बांधणं मालकाला परवडेना. दुसरीकडे फाळणीनंतरचे निर्वासित, गिरण्या, कारखाने यांमुळे माणसांची रीघ वाढत होती. यातून 'ओनरशिप फ्लॅट' ही वस्तू बाजारात आली. बिल्डर नावाचा नवा माणूस जमीन मिळवायचा, नकाशा दाखवायचा आणि लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन त्याच पैशांत इमारत उभी करायचा. घेणारा एकाच वेळी गिऱ्हाईकही होता आणि भांडवल पुरवणाराही. मात्र भांडवलदाराला जे अधिकार असतात, हिशेब मागण्याचे, तारण ठेवण्याचे, त्यातला एकही त्याच्याकडे नव्हता.

१९६३ : तारीख पहिल्यांदा कागदावर आली

महाराष्ट्र राज्य स्थापन झालं १ मे १९६० रोजी. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २० मे १९६० रोजी, राज्य सरकारनं ओनरशिप फ्लॅटमधल्या गैरप्रकारांची चौकशी करायला समिती नेमली. तक्रारी किती साचल्या असतील याचा अंदाज यावरून करा. समितीनं जून १९६१मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९६३चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. सगळे त्याला मोफा म्हणतात.

मोफा वाचताना आजही आश्चर्य वाटतं. कलम ३ म्हणतं, ताबा कोणत्या तारखेला देणार हे बिल्डरनं लेखी सांगितलं पाहिजे आणि त्याप्रमाणे दिला पाहिजे. कलम ४ म्हणतं, किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम करार केल्याशिवाय घ्यायची नाही, आणि तो करार नोंदवायचा. कलम ८ उशिराबद्दल आहे. ठरल्या तारखेला ताबा दिला नाही, तर ग्राहकानं मागताच सगळी रक्कम नऊ टक्के सरळव्याजानं परत करायची. कारण बिल्डरच्या हाताबाहेरचं असेल तर तीन महिने, आणि ते कारण टिकून असेल तर आणखी तीन महिने. त्याहून जास्त सवलत नाही. परत देण्याच्या रकमेचा बोजा जमिनीवर आणि बांधकामावर राहील, असंही लिहिलंय.

म्हणजे साठ वर्षांपूर्वी महाराष्ट्रानं वचनाला तारीख दिली होती. मग बिनसलं कुठे?

एक तर, उपाय फक्त पैसे परत घेण्याचा होता. आता असं बघा. समजा एखाद्यानं दोन लाख भरले. पाच वर्षांनी नऊ टक्के सरळव्याजानं नव्वद हजार व्याज, म्हणजे हातात दोन लाख नव्वद हजार. पण पाच वर्षांत त्याच भागातला तेवढाच फ्लॅट चार लाखांवर गेला असेल, तर हा माणूस पैसे परत घेऊन घर गमावतो, आणि बिल्डर तोच फ्लॅट नव्या गिऱ्हाइकाला चार लाखांना विकतो. वचन मोडणाऱ्याचा फायदा आणि वचनावर विसंबलेल्याचा तोटा! म्हणून बहुतेक लोक पैसे परत मागतच नसत. ते थांबायचे. आणि थांबणाऱ्यासाठी कलम ८मध्ये काहीही नव्हतं.

दुसरं, दाद मागायला दिवाणी कोर्ट. तिथे किती वर्षं लागतात हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. तिसरं, तारीख लिहायची सक्ती कायद्यात होती, पण नोंद न करता, नुसत्या पावतीवर किंवा ॲलॉटमेंट लेटरवर पैसे घेण्याची पद्धत सर्रास चालू राहिली. हे बघायला कुणी नियामक नव्हता.

ग्राहक म्हणून उभं राहणं

यानंतरचं वळण ग्राहक चळवळीतून आलं. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करू लागली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. कोर्ट फीचा भार नाही, वकील सक्तीचा नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी मंच. लोक घरांच्या तक्रारी घेऊन तिकडे गेले, तेव्हा समोरून युक्तिवाद आला, की घर ही स्थावर मालमत्ता आहे, ती 'वस्तू'ही नाही आणि 'सेवा'ही नाही, तेव्हा हे ग्राहक कसले?

याचं उत्तर ५ नोव्हेंबर १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिलं. प्रकरण लखनौ विकास प्राधिकरणाचं होतं. हा बिल्डर खाजगी नव्हता, सरकारी होता, आणि त्याचं म्हणणं होतं की आम्ही कायद्यानं नेमून दिलेलं काम करतो, धंदा करत नाही. न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांच्या निकालानं सांगितलं, घर बांधून देणं ही सेवा आहे आणि ताब्याला उशीर ही त्या सेवेतली त्रुटी आहे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन सेवेच्या व्याख्येत गृहबांधणीचा उल्लेख स्पष्टपणे आला होता. न्यायालय म्हणालं, दुरुस्तीनं फक्त खुलासा केला, मुळातही तसंच होतं. शिवाय माणसाला जो मनस्ताप झाला त्याचीही भरपाई देता येते, आणि अधिकाऱ्याच्या मनमानीमुळे तो झाला असेल तर ती रक्कम त्या अधिकाऱ्याकडून वसूल करावी, असंही सांगितलं.

मग व्याज किती, हा वाद सुरू झाला. राष्ट्रीय आयोग सरसकट अठरा टक्के देऊ लागला होता. २००४ साली गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्याला आवर घातला. सगळ्यांना एकच दर नको, प्रत्येकाचं नुकसान बघा, असं ते म्हणालं. ज्याला उशिरा का होईना घर मिळालं, त्याला वाढलेल्या किमतीचा लाभ झालाय, त्याची भरपाई कमी. ज्याला नुसते पैसे परत मिळणार, त्याला आजच्या भावानं दुसरीकडे घर घ्यायचंय, त्याची भरपाई जास्त. मघाशी मोफाच्या कलम ८चा जो दोष सांगितला, त्याच्यावरच न्यायालयानं इथे बोट ठेवलं. तत्त्व म्हणून हे पटतं. अडचण इतकीच, की प्रत्येक माणसाला आपलं नुकसान पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागतं.

करारच एकतर्फी असेल तर?

मधल्या काळात घरबांधणीच्या धंद्याचं रूप पालटलं. १९७७ साली एचडीएफसी सुरू झाली आणि हळूहळू गृहकर्ज मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. आता माणूस साठवलेल्या पैशांतून नाही, तर पुढच्या वीस वर्षांच्या पगारातून घर घेऊ लागला. ताब्याला उशीर झाला की एका हातानं बँकेचा हप्ता आणि दुसऱ्या हातानं घरमालकाचं भाडं. उशिराची किंमत दुप्पट झाली.

आणि करार? छापील, शंभर पानांचा, बिल्डरच्या वकिलानं केलेला. त्यातला एक अक्षर बदलून मागा, सेल्स ऑफिसमधली मुलगी गोड हसून सांगते, "सर, सगळ्यांना हेच फॉर्मॅट आहे." त्यात असायचं काय? ग्राहकाचा हप्ता चुकला तर अठरा टक्के, कधी चोवीस टक्के व्याज. बिल्डरला उशीर झाला तर चौरस फुटामागे महिना पाच रुपये. समजा सहाशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि ग्राहकानं पन्नास लाख भरलेत. पाच रुपयांनी झाले महिना तीन हजार. तेच पन्नास लाखांवर दहा टक्के व्याज धरलं, तर महिन्याला एकेचाळीस हजारांच्या वर होतात. एकाच करारात एकाच्या वेळेला सोन्याचा भाव, दुसऱ्याच्या वेळेला रद्दीचा.

महाराष्ट्रानं २०१२ साली गृहनिर्माण नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. पण २०१६ साली संसदेनं स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, मंजूर केला आणि त्यानं महाराष्ट्राचा तो कायदा रद्द केला. मोफा रद्द केला नाही, हे लक्षात ठेवा. रेराचा मोठा भाग १ मे २०१७पासून लागू झाला आणि त्याच वेळी महारेरा कामाला लागलं.

रेरातल्या तीन गोष्टी माझ्या दृष्टीनं महत्त्वाच्या. पहिली, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे. एका इमारतीच्या पैशांतून दुसरी जमीन घ्यायची आणि पहिली रखडवायची, हे उशिराचं सगळ्यात मोठं कारण होतं. दुसरी गोष्ट व्याख्यांच्या कलमात दडलेली आहे, पण मला ती फार आवडते. ग्राहकानं उशीर केला तर जो व्याजदर, तोच दर बिल्डरनं उशीर केला तर. महाराष्ट्राच्या नियमांत तो स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरावर दोन टक्के असा ठरलाय. दोघांच्या वेळेला एकच भाव. नीतिशास्त्र शिकवताना आम्ही समता समजावून सांगायला तासन्‌तास घालवतो, इथे ती एका व्याख्येत बसली.

तिसरी गोष्ट कलम १८. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर ग्राहकापुढे दोन रस्ते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह सगळे पैसे परत आणि भरपाई. राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचं व्याज. १९६३ साली थांबणाऱ्याच्या पदरात काही नव्हतं. त्रेपन्न वर्षांनी थांबण्यालाही किंमत मिळाली.

बिल्डर अर्थातच न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात कायदा वैध ठरवला. त्यातला एक मुद्दा तुम्ही घरी जाऊन कागद काढून बघावा असा आहे. समजा करारात ताब्याची तारीख डिसेंबर २०१४ आहे. २०१७ साली महारेराकडे नोंदणी करताना बिल्डरनं पूर्ण होण्याची तारीख टाकली डिसेंबर २०१९. उशीर कुठून मोजायचा? न्यायालय म्हणालं, करारातल्या तारखेपासून. नोंदणीतली नवी तारीख प्रकल्प पुरा करण्यासाठी आहे, तिनं ग्राहकाला दिलेलं जुनं वचन पुसलं जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाची चार वर्षं

२०१८ ते २०२१ या चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयानं या विषयाचा पाया बराचसा पक्का केला. मार्च २०१८मध्ये फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात सांगितलं, माणसाला अनिश्चित काळ थांबवून ठेवता येत नाही. करारात तारीखच नसेल तर वाजवी मुदत धरायची, आणि त्या प्रकरणात ती तीन वर्षं धरली.

एप्रिल २०१९मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात तो एकतर्फी करार समोर आला. ग्राहकानं चुकवलं तर अठरा टक्के, बिल्डरनं चुकवलं तर नऊ टक्के, आणि तेही वाढीव मुदत संपल्यावर आणखी वर्षभर थांबून मग नोटीस दिली तर. न्यायालय म्हणालं, ज्या करारात ग्राहकाला ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यापलीकडे काही करता येत नाही, अशा करारातली एकतर्फी कलमं त्याच्यावर बंधनकारक नाहीत. ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'तू सही केलीस ना?' हा प्रश्न पुरेसा नाही. कोणत्या परिस्थितीत केली, हेही विचारायला हवं.

ऑगस्ट २०२०मध्ये बंगळूरच्या एका डीएलएफ प्रकल्पाच्या प्रकरणात न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जोसेफ यांच्या पीठानं ठरवलं, की चौरस फुटामागे पाच रुपये ही भरपाईची शेवटची मर्यादा नव्हे. त्याशिवाय रकमेवर वर्षाला सहा टक्के व्याज द्यायला लावलं. आणि ताबा घेतला, खरेदीखत झालं, म्हणून उशिराच्या भरपाईचा हक्क गेला असं होत नाही, हेही सांगितलं. घर हवं असेल तर तक्रार सोडून दे, अशी अट घालणं गैर.

जानेवारी २०२१च्या आयरिओ ग्रेस प्रकरणानं दुसरी बाजू सांभाळली. ज्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळालं होतं, तिथल्या ग्राहकांनी ताबा घ्यावा आणि उशिराची भरपाई घ्यावी. ज्यांना ते मिळालं नव्हतं, त्यांना पैसे परत. तो निकाल ग्राहक कायद्याखालचा होता. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात रेराच्या कलम १८चा अर्थ लागला. तारीख उलटली की पैसे परत मागण्याचा हक्क विनाशर्त आहे. अनपेक्षित घटना घडल्या, कोर्टाची स्थगिती आली, या सबबींनी तो कमी होत नाही. चूक ग्राहकाची नसली म्हणजे झालं.

१९६३चा कायदा 'हाताबाहेरचं कारण' मानून सहा महिन्यांपर्यंत थांबायला तयार होता. २०१६च्या कायद्यानं प्रकल्पाच्या मुदतवाढीसाठी कारणांची यादीच दिली : युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि तत्सम नैसर्गिक संकट. वाळू मिळाली नाही, मजूर गावी गेले, नगरपालिकेनं फाईल अडवली, हे त्या यादीत नाही. कोविडच्या वेळी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, ती नैसर्गिक आपत्ती मानून. धंद्याची जोखीम धंदा करणाऱ्यानंच उचलायची, हे तत्त्व आता स्पष्ट झालं.

बिल्डरच बुडाला तर?

पण वचन देणाराच उरला नाही तर? नोएडात आम्रपालीच्या प्रकल्पांत सुमारे बेचाळीस हजार कुटुंबं अडकली. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कंपनीची रेरा नोंदणी रद्द केली आणि इमारती पुऱ्या करण्याचं काम सरकारी एनबीसीसीकडे दिलं. दिवाळखोरी संहितेत २०१८ साली दुरुस्ती होऊन घर घेणाऱ्यांना 'वित्तीय धनको'चा दर्जा मिळाला, म्हणजे बँकेसारखं धनकोंच्या समितीत मत. ऑगस्ट २०१९मध्ये न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. मघाशी मी म्हटलं ना, की घर घेणारा हा भांडवल पुरवणारा होता पण त्याला तसे अधिकार नव्हते? कायद्याला ते मान्य करायला एवढी वर्षं लागली. लगेच पुढच्या दुरुस्तीनं अट आली, की अर्ज करायचा तर एका प्रकल्पातले किमान शंभर ग्राहक किंवा दहा टक्के, यातलं जे कमी असेल तेवढे एकत्र यायला हवेत. जानेवारी २०२१मध्ये तीही वैध ठरली. सावडीचा धडा इथेही लागू पडतो. एकट्यानं होत नाही.

उरलेला प्रश्न

इतका इतिहास ऐकून वाटेल, की आता सगळं ठीक झालं. तसं नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, शाळेत शिक्षक होता. निवृत्तीच्या आधी भविष्यनिधीतले पैसे घालून पुण्याबाहेर फ्लॅट घेतला. वृद्ध आई तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात होती, लिफ्ट नव्हती, तिला खाली उतरता येत नव्हतं. लिफ्टच्या घरात नेतो, असं त्यानं तिला सांगितलं होतं. ताबा चार वर्षं उशिरा मिळाला. तोवर आई गेली होती. व्याजाचा आदेश त्याच्या बाजूनं झाला, बिल्डरनं भरलं नाही, म्हणून वसुली प्रमाणपत्र निघालं आणि ते जिल्हाधिकारी कचेरीत गेलं. रेराच्या कलम ४० प्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. म्हणजे काम तहसीलदाराचं. आणि तहसीलदाराकडे निवडणुका, पंचनामे, दाखले, सगळंच असतं. परवा तो भेटला, म्हणाला, "सर, हुकूम हातात आहे, पैसे नाहीत. कचेरीत गेलो की पुढचा सोमवार सांगतात."

रेरा म्हणतो, तक्रार साठ दिवसांत निकाली काढा, नाही जमलं तर कारणं लिहून ठेवा. उशिराविरुद्धच्या कायद्यालाच उशीर होतो, हे आपण सगळे बघतो आहोत. वचनभंगाची भरपाई हेही एक वचनच आहे, आणि ते राज्यानं दिलेलं आहे. बिल्डरला आपण तारीख विचारायला शिकलो. वसुली यंत्रणेला तारीख विचारणारं कलम मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. पुढची लढाई मला तिथे दिसते.

आणि व्याजानं सगळं भरून येत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. व्याज रुपयांवर चढतं. तीस वर्षांच्या माणसाची चार वर्षं आणि पंचाऐंशी वर्षांच्या बाईची चार वर्षं कायदा एकाच दरानं मोजतो. मनस्तापाच्या भरपाईचं दार १९९३च्या निकालानं उघडलं आहे, रेरात ती भरपाई निवाडा अधिकाऱ्याकडे मागता येते. ते दार लोक फारसं ठोठावत नाहीत. ठोठावायला हवं.

जाता जाता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण त्या या इतिहासातूनच निघतात. दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय देऊ नका, हे रेराचं कलम १३ आहे. करारात ताब्याची तारीख महिना-वर्षासह आहे ना, ते बघा. बिल्डरनं मध्येच 'तारीख वाढवायला संमती' म्हणून कागद पुढे केला, तर सही करण्याआधी सल्ला घ्या. राहायचं की बाहेर पडायचं, हे आधी घरात बसून ठरवा, कारण दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागा. आणि ताबा घेताना एक साधं पत्र द्या, की उशिराच्या भरपाईचा माझा हक्क राखून ताबा घेत आहे. १८७२च्या त्या कलम ५५मध्येही हेच आहे : उशिरा मिळालेलं स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची सूचना द्यावी. न्यायालयं आज ग्राहकाच्या बाजूनं उदार आहेत, तरी पत्राला एक कागद लागतो आणि पोचपावती घ्यायला दोन मिनिटं. आणि शेजारच्या चार-पाच जणांना गाठा, एकत्र जा.

ह्यूमचे दोन शेतकरी एकमेकांच्या शेजारी राहत होते, रोज तोंड दिसायचं, म्हणून लाज तरी होती. आपला बिल्डर आणि आपण, यांच्यात तेवढी ओळख नसते. ती जागा कायद्यानं भरायची असते. कायद्यानं ती बरीच भरली आहे, वसुलीच्या टोकाला अजून रिकामी आहे.

इथे थांबतो. कुणाचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त आधी सांगा, तुमच्या करारात तारीख कोणती लिहिली आहे.